मुकादमाविना काम

लग्नाच्या बैठकीत 'मुलगा काय करतो?' हा प्रश्न सुपारी फुटण्याच्या आधी विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता आले तरच पुढचा चहा गोड लागतो. शिक्षक आहे, तलाठी आहे, एसटीत आहे, पोलिसात आहे. फार तर 'कायम की कंत्राटी?' एवढा एक उपप्रश्न येतो. अलीकडे मात्र अशा बैठकींत एक नवेच उत्तर ऐकू येऊ लागले आहे. 'वेबसाइट बनवतो. घरूनच. नोकरी अशी नाही, स्वतंत्रपणे कामं घेतो.' हे ऐकले की मुलीचे वडील मामांकडे बघतात, मामा खिशातला मोबाइल काढून उगाच चाळतात आणि कोणीतरी जाणते माणूस घसा साफ करून विचारते, 'ते ठीक आहे हो. पण म्हणजे नक्की काय करतो?'

या 'नक्की काय'चे उत्तर देणे आवश्यक आहे असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. मुलगा दिवसभर पडद्यासमोर बसतो, रात्री दोनला कोणाशी तरी इंग्रजीत बोलतो, महिन्याच्या एक तारखेला पगार येत नाही, पण मध्येच बरी रक्कम जमा होते. असे चित्र आता शहरातल्या सदनिकांतच दिसते असे नाही; ते जिल्ह्याच्या टोकाच्या गावांतही दिसते. आईवडिलांना धड अभिमान वाटत नाही आणि धड काळजी सोडवत नाही. मुलगा उद्योगी आहे की रिकामटेकडा, हेच त्यांना ठरवता येत नाही. म्हणून हा कसबाचा नवा प्रकार जवळून पाहावा, या हेतूने मी गेल्या वर्षभरात अशा तरुणांशी बरेच बोललो. त्यांतल्या एकाचे काम मी जरा अधिक बारकाईने पाहिले. तो चकलांब्याचा आहे.

गाव आणि माणूस

चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले गाव. वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकले नसेल. ज्यांनी ऐकले असेल त्यांना पोलीस ठाण्याचे गाव म्हणून ते माहीत असेल. तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते, पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा तालुक्यातून जातो. पण कालव्याचे पाणी सर्वांच्या वाट्याला येत नाही. ज्यांच्या वाट्याला ते आले नाही त्यांच्या पिढ्या दसरा झाला की बिऱ्हाड बांधून साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बीड जिल्ह्याला ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात, माणसांना हत्याराचे नाव. हंगामाआधी मुकादमाकडून 'उचल' घ्यायची आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडायची, हा इथला जुना अर्थव्यवहार.

मी बँकेत नोकरीला असताना काही वर्षे या भागात होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून तेव्हा बैलजोडीसाठी कर्जे दिली जात. त्या कर्जदारांपैकी एकाचा हा मुलगा. त्याचे नाव मी लिहीत नाही. 'काका, माझं नाव नको, कामाचं लिहा' असे त्यानेच सांगितले. गावच्या जिल्हा परिषद शाळेत तो शिकला, पण हंगामात आईबापांबरोबर गेल्यामुळे शाळा मधूनमधून सुटत असे. आजी गावात राहिली म्हणून ती कायमची सुटली नाही. बारावी गेवराईला, पदवी तेव्हाच्या औरंगाबादला, मग पुण्यात दोन वर्षे एका लहान कंपनीत नोकरी. २०२० साली टाळेबंदीत तो गावी आला आणि परत गेलाच नाही. पत्र्याच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप, वीज गेली तर चालावे म्हणून इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे. एकाची रेंज गेली तर दुसरे. एवढे त्याचे भांडवल.

शिलेदार आणि बारगीर

अशा स्वतंत्र काम करणाऱ्याला इंग्रजीत 'फ्रीलान्सर' म्हणतात. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या शब्दाचे मूळ सापडले की आनंद होतो. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ सालच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत हा शब्द भाला घेऊन मोल देईल त्याच्या बाजूने लढणाऱ्या सैनिकांसाठी आलेला आहे. पण आपल्याला इतके लांब जायचे कारण नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. घोडा मेला तर नुकसान त्याचे. पण एका सरदाराकडून दुसऱ्याकडे जायला तो अधिक मोकळा. याच गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या मैदानावर दोन्ही प्रकारचे स्वार असणार.

आमचा हा तरुण शिलेदार आहे. लॅपटॉप त्याचा, वीजबिल त्याचे, आजारपण त्याचे. कंपनीतला त्याचा मित्र बारगीर. यात उच्च-नीच काही नाही; मी स्वतः आयुष्यभर बारगीरच होतो आणि त्या घोड्यावर बसूनच मुलांची शिक्षणे केली. पण शिलेदाराला बारगिराच्या मापाने मोजू नये, एवढेच म्हणणे.

विचारणे हेच पहिले कसब

वेबसाइट बनवणे म्हणजे संगणकावर रंगीत चित्रे मांडणे, अशी माझी समजूत होती. त्याचे काम पाहू लागल्यावर लक्षात आले की पहिले तीन-चार दिवस तो संगणकाला फारसा हातच लावत नाही. तो प्रश्न विचारतो.

समजा, कृषी सेवा केंद्राच्या मालकाचा फोन येतो, 'एक झकास वेबसाइट बनवून टाका, पैशाचं बघू.' हा त्याला विचारतो : ती बघणार कोण? शेतकरी बघणार की कंपनीचा प्रतिनिधी? कोणत्या मोबाइलवर बघणार? बघून झाल्यावर त्याने काय करावे अशी तुमची इच्छा आहे? फोन करावा, दुकानात यावे की नुसते खतांचे भाव वाचावेत? बहुतेक गिऱ्हाइके या प्रश्नांवर अडखळतात. त्यांना शेजारच्या दुकानासारखी वेबसाइट हवी असते. कशासाठी हवी याचा विचार त्यांनी केलेला नसतो. कर्जाच्या अर्जावर 'कर्जाचे प्रयोजन' असा एक रकाना असे आणि निम्मे अर्जदार तिथेच थबकत, त्याची मला आठवण झाली. प्रयोजन नीट सांगता आले की अर्धे काम होते, मग ते कर्जाचे असो की वेबसाइटचे.

प्रश्नांची उत्तरे आली की तो शाळेच्या वहीत पेन्सिलने चौकटी काढतो. इथे नाव, इथे फोन, इथे फोटो. रंग नाही, सजावट नाही. या रेघोट्यांचा फोटो काढून तो गिऱ्हाइकाला पाठवतो आणि होकार आल्याशिवाय पुढे सरकत नाही. कागदावरची रेघ खोडरबराने जाते. पान तयार झाल्यावर तीच रेघ हलवायला दोन दिवस लागतात, हे त्याचे तत्त्व.

त्यानंतर प्रत्यक्ष बांधणी. त्यात तीन गोष्टी असतात. एचटीएमएल ही पानाची मांडणी : शीर्षक कुठले, परिच्छेद कुठला, चित्र कुठले हे ती सांगते. सीएसएस ही वेशभूषा : रंग, अक्षराचा आकार, जागा. जावास्क्रिप्ट म्हणजे हालचाल : बटण दाबले की काय घडावे. मांडणी आणि वेशभूषा वेगळी ठेवावी ही सूचना हाकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने १९९४ मध्ये मांडली. एकच पान मोठ्या पडद्यावर पसरावे आणि मोबाइलवर आवळून बसावे, या पद्धतीला २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकी डिझायनरने नाव दिले. चकलांब्याच्या खोलीत हे सारे रोजच्या वापरात आहे. अनेकदा तो वर्डप्रेस ही तयार चौकट वापरतो. २००३ साली सुरू झालेल्या या फुकट मिळणाऱ्या साधनावर आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइटी उभ्या आहेत.

फुकट हा शब्द महत्त्वाचा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली, १९९१ मध्ये ती जगापुढे आली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने हे तंत्र कोणालाही मोफत वापरता येईल असे जाहीर केले. त्या दिवशी त्यावर भाडे बसवले गेले असते, तर ऊसतोड मजुराच्या मुलाला या धंद्याच्या दारातच टोलनाका लागला असता.

काम संपत आले की तपासणी. त्याच्याकडे एक जुना, कडेला काच तडकलेला स्वस्तातला मोबाइल आहे. वेबसाइट आधी त्यावर उघडते का आणि किती वेळात उघडते, हे तो बघतो. पुण्यातल्या वेगवान जोडणीवर सुरेख दिसणारे पान रेंज अर्धीमुर्धी असलेल्या वस्तीवर नुसते गोल फिरत बसते. कारण बहुधा एकच : कोणीतरी कॅमेऱ्यातला फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो. तो प्रत्येक फोटो हलका करून घेतो.

शेवटची परीक्षक त्याची आई. वीसेक हंगाम ऊस तोडलेली ही बाई जेमतेम अक्षरे लावून वाचते. मी गेलो होतो त्या दिवशी त्याने मोबाइल तिच्या हातात दिला.

"आई, दुकानदाराला फोन लावायचा असला तर कुठं दाबशील?"

तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "हितं दाबू का? पर हे इतकं बारीक कामून लिव्हलंय? अन् ह्यो पिवळा रंग उन्हात दिसंल का?"

तो हसला नाही. त्याने वहीत लिहून घेतले : बटण मोठे, रंग गडद. संध्याकाळपर्यंत ते बदलले होते.

मराठी अक्षराची काळजी

या धंद्यात मराठी माणसाचा एक वेगळा उपयोग आहे आणि तो त्याला पक्का कळलेला आहे. गावोगावच्या डीटीपी केंद्रांत वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर टाइप होत आला. कागदावर छापायला तो उत्तम. पण वेबवर चढवला की अगम्य इंग्रजी चिन्हे उमटतात, कारण संगणकाच्या लेखी ती मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी अक्षरांना घातलेला तो मराठी मुखवटा असतो. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फाँट अनेकांच्या परिचयाचा आहे. तो आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवणारे र. कृ. जोशी यांनी घडवला होता. पुढे एक टाइप या मुंबईच्या संस्थेने 'मुक्ता'सारखे देखणे फाँट सर्वांसाठी खुले केले. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि तो ओळ न् ओळ तपासणे, हे त्याच्या कमाईचे एक कायमचे अंग आहे.

बारकावे आणखी आहेत. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे, हे आपल्याला शाळेत गिरवताना कळते. संगणकाला ते सांगावे लागते. हे पान मराठीत आहे अशी खूण पानाच्या मुळाशी 'एमआर' या दोन अक्षरांनी केली, तर फाँटमध्ये सोय असल्यास मराठी वळण आपोआप उमटते. ही खूण पुष्कळ जण करतच नाहीत. इंग्रजी शीर्षकात अक्षरे विरळ मांडून रुबाब आणता येतो. देवनागरीत तोच प्रयोग केला की शिरोरेषेचे तुकडे होतात. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळजवळ ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांच्या अंगावर जातात. 'काका, मराठी पान डिझाइन करताना ओळींमध्ये जास्तीची हवा ठेवावी लागते,' असे तो म्हणाला. आयुष्यभर मराठीत लिहिणाऱ्या मला हे कधी सुचले नव्हते.

वेबवरचा पत्ताही आता मराठीत घेता येतो. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत '.भारत' ही सोय सुरू झाली आहे. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीची काळजी वेगळी. दृष्टिहीन माणूस पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो. त्या सॉफ्टवेअरला चित्र दिसत नाही, म्हणून प्रत्येक चित्रामागे त्याचे वर्णन शब्दांत लिहून ठेवायचे असते. हे संकेत १९९९ पासून प्रसिद्ध आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. गिऱ्हाइकाने मागितले नाही तरी हे वर्णन तो लिहितो. त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

उचल आणि आगाऊ

आता पैशाविषयी, त्यातच या धंद्याचे खरे दुखणे आहे आणि बँकेतल्या माणसाला तेच आधी दिसते.

परदेशातली किंवा परगावची कामे मिळवून देणाऱ्या मोठ्या बाजारपेठा इंटरनेटवर आहेत. काम हवे असणारे तिथे बोली लावतात, काम देणारा निवडतो आणि बाजारपेठ आपले कमिशन कापून घेते. सुरुवातीची दोन वर्षे त्याने तिथेच काढली. त्याचे वडील एकदा म्हणाले, 'म्हणजे मुकादमच की!' मला ते फार मार्मिक वाटले, पण मुलाने फरक समजावून सांगितला. 'मुकादमाची उचल घेतली की दादा, तुम्ही बांधले जायचे. मी आगाऊ घेतो, पण तो माझ्या कामाचा हिस्सा असतो, कर्ज नसतं. काम जमलं नाही तर मी दुसरीकडे जाऊ शकतो.' उचल आणि आगाऊ यांतला हा भेद ज्या घरात तीन पिढ्या उचल फेडण्यात गेल्या, त्या घरातल्या मुलाला कोणी पुस्तकातून शिकवावा लागला नाही.

त्याचा दंडक ठरलेला आहे. कामाचा ४० टक्के मोबदला आधी, ४० टक्के रचना पसंत पडल्यावर, २० टक्के वेबसाइट सुरू होताना. दोन पानांचा साधा करार. त्यात काय करायचे हे असते आणि काय करायचे नाही हेही असते. दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील तेही लिहिलेले असते. नाहीतर 'जरा निळा करून बघा, नाही, आधीचाच बरा' यात महिने जातात. वेबसाइटचा पत्ता नेहमी गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यायचा, संकेतशब्द त्याच्या स्वाधीन करायचे, प्रत काढून ठेवायची. दर वर्षी पत्त्याचे नूतनीकरण कधी आहे त्या तारखा त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहून ठेवल्या आहेत.

तरीही पैसे अडकतातच. एका शहरातल्या शिकवणीवर्गाने शेवटचा हप्ता आठ महिने दिला नाही. मित्रांनी सल्ला दिला, साइट बंद कर, धावत येतील. त्याच्या हातात ते होते. त्याने केले नाही. 'त्या पानावर पोरांचे परीक्षेचे अर्ज होते. भांडण माझं नि मालकाचं. पोरांचा काय संबंध?' त्याने रजिस्टर पत्र पाठवले. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे, लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठरली नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. २०२० साली सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी त्याने आधीच केलेली होती. पत्र पोहोचले आणि महिन्याच्या आत रक्कम जमा झाली. ही नोंदणी फुकट होते. अशा प्रत्येक मुलाने ती पहिल्या कामाआधी करावी, असे मी आवर्जून सांगेन.

दुसरा एक कायदाही माहीत हवा. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क, लेखी कराराने दिला नसेल तर, सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. म्हणून हक्क कोणाकडे जाणार आणि केव्हा, हे करारात स्पष्ट लिहावे. हा शेवटच्या हप्त्यानंतर देतो.

आणि कर्ज? घराच्या दुरुस्तीसाठी तो एका बँकेत गेला तेव्हा पहिला प्रश्न आला, पगारपत्रक आणले का? पगारच नाही तर पत्रक कुठले! यात शाखेतल्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. बँकेचा अर्ज बारगिराच्या मापाने शिवलेला असतो. शिलेदाराने आपली पत वेगळ्या कागदांनी सिद्ध करायची असते : तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सर्व कमाई एकाच खात्यात घेतल्याची नोंद, करारांच्या प्रती, उद्यम प्रमाणपत्र. कामाच्या साधनांसाठी २०१५ पासूनची मुद्रा योजना आहे. तीत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. तारण नसले तरी शिस्त हवी. रोखीने घेतलेला पैसा त्या दिवशी गोड लागतो, पण बँकेच्या दृष्टीने तो कमावलेलाच नसतो.

एकटे नव्हेत

हा मुलगा अपवाद आहे, असे कोणी म्हणेल. पूर्णतः तसे नाही. याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत यांची हकीकत वर्तमानपत्रांतून अनेकांनी वाचली असेल. आयटीआय करून ते पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात पडेल ते काम करीत होते. तिथे संगणकावर काम करणारी माणसे पाहून त्यांनी ग्राफिक्स आणि ॲनिमेशन शिकून घेतले, पुढे स्वतःचा व्यवसाय उभा केला आणि टाळेबंदीच्या काळात गावी, गुरांच्या गोठ्यात संगणक मांडून सहकाऱ्यांसह काम केले. मांडणीचे तयार नमुने पुरवणारे 'डू ग्राफिक्स' हे साधन त्यांनी बनवले आणि 'शार्क टँक इंडिया' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून ते देशभर पोहोचले. त्यांची झेप मोठी. प्रत्येकाकडून ती अपेक्षिणे बरोबर नाही. पण गोठा हा कार्यालय होऊ शकतो, एवढे त्यांनी जिल्ह्याला दाखवून दिले.

एक उणी बाजू मात्र लपवू नये. या कामात एकटेपणा आहे. कंपनीत शेजारच्या टेबलावरचा माणूस चूक दाखवतो. इथे दाखवणारे कोणी नाही. अमेरिकेतले गिऱ्हाईक असले की रात्र आणि दिवस उलटे होतात. पाठ आणि डोळे धरतात. एखाद्या महिन्यात एकही काम नसते आणि त्याच महिन्यात बहिणीचे बाळंतपण येते. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च तो बाजूला ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. त्याच्या वडिलांनी आयुष्यात कधी आगाऊ महिन्याचे धान्य घरात पाहिले नव्हते.

यंत्र लिहू लागल्यावर

२०२२च्या अखेरीपासून आणखी एक भीती या धंद्यावर घोंघावते आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला चार वाक्ये सांगितली की ती काही मिनिटांत वेबसाइट रचून देते. मग याची गरज काय? १९८०च्या दशकात रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा खातेवही लिहिणाऱ्या आम्हा सर्वांना हीच धास्ती होती. खातेवह्या गेल्या, हे खरे. पण गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून, जमीन पाहून, कर्ज द्यावे की देऊ नये हे ठरवणारा माणूस बराच काळ टिकला.

त्याला मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्याने गोड बोलून मला धीर दिला नाही. 'साधी, एका पानाची कामं गेली, काका. मागच्या वर्षीपेक्षा कमी येतात. मीपण ते यंत्र वापरतो, बांधणी लवकर होते. पण पिवळा रंग उन्हात दिसत नाही हे त्याला माझ्या आईनं सांगावं लागतं.' मग थोडे थांबून म्हणाला, 'आणि रात्री साइट बंद पडली तर फोन मलाच येतो.' विचारणे, तपासणे आणि जबाबदारी घेणे या तीन गोष्टींवर आपण उभे आहोत, रंगरंगोटीवर नाही, असा त्याचा हिशेब. तो बरोबर ठरेल की नाही हे पुढची पाच-सात वर्षे सांगतील. या काळात त्याने शिकणे थांबवलेले नाही. सकाळचा एक तास रोज नवे काही शिकण्यासाठी राखून ठेवलेला आहे आणि त्या तासात गिऱ्हाइकाचा फोनही तो घेत नाही.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाऊ म्हणाली, तर आईवडिलांनी घाबरून 'आधी नोकरी बघ' म्हणू नये आणि हुरळून कर्ज काढून महागडा संगणकही घेऊन देऊ नये. चार गोष्टी विचाराव्यात. तू आतापर्यंत कोणासाठी, काय पूर्ण करून दिलेस ते दाखव. ते काम देणाऱ्याने पुन्हा बोलावले का? करार लिहितोस का? आणि काम नसलेल्या महिन्यात घर कसे चालवणार? चारही उत्तरे मिळाली तर मूल धंद्याला लागलेले आहे असे खुशाल समजावे, मग त्याच्या उत्तराला बैठकीत एक शब्द असो वा नसो.

दरवर्षी दसऱ्यानंतर इथल्या गावांतून बिऱ्हाडांनी भरलेल्या गाड्या निघतात. त्यांतली फार थोडी माणसे पडद्यासमोर बसून पोट भरतील. ऊसतोडीचा प्रश्न वेबसाइटी सोडवणार नाहीत, तो पाण्याचा आणि शेतमालाच्या भावाचा प्रश्न आहे. तरी एक हिशेब मांडून ठेवण्यासारखा आहे. या घरातली नात यंदा पहिलीत आहे. दिवाळीनंतर तिच्या शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडलेली नाही.